जुलैत सेल्फी, एप्रिलमध्ये काडी

पावसाळ्यात लावलेलं रोप उन्हाळ्यात का मरतं? आणि टँकरच्या गावात ते जगवायचं तरी कसं? कुंभार पिंपळगावच्या निमित्तानं एक उन्हाळी उजळणी.

५ जून ते १५ ऑगस्ट या काळातलं कुणाचंही इन्स्टा उघडून बघा. काळ्या पिशवीतलं रोप, शेजारी सर, मागे बॅनर आणि एका रोपाला एकाच वेळी लागलेले आठ जणांचे हात. फोटो भारीच येतो. आता मार्च संपत आलाय. त्याच खड्ड्यापाशी पुन्हा जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी एक काडी उभी दिसेल, काही ठिकाणी तीही शेळीनं नेलेली असेल. त्या काडीची स्टोरी कुणी टाकत नाही.

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं कुंभार पिंपळगाव हे माझं गाव. शिकायला बाहेर पडल्यापासून प्रत्येक नव्या मित्राला गावाचं नाव दोनदा सांगावं लागतं. शेजारचं जांब समर्थ मात्र रामदास स्वामींचं जन्मगाव म्हणून सगळ्यांना माहीत असतं. पण आमच्या गावाच्या नावात एक कुंभारही आहे आणि एक पिंपळही, आणि या लेखाला नेमके हे दोघेच लागणार आहेत. कारण उन्हाळ्यात झाड जगवायची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुनी युक्ती कुंभाराच्या चाकावरूनच येते. ती पुढे सांगतेच. आधी झाड मरतं का, ते बघू.

आठ महिन्यांचं वाळवंट

मराठवाड्याला कुणी वाळवंट म्हटलं की आपल्याला राग येतो, आणि तो बरोबरच आहे. जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस पडतो, जालना जिल्ह्याची सरासरी सातशेच्या आसपास आहे. भूगोलाच्या पुस्तकात आपण ‘उष्ण, निमशुष्क’ या रकान्यात बसतो. गोम अशी आहे की हे सातशे मिलिमीटर बारा महिन्यांत वाटून येत नाहीत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बहुतेक सगळं येतं, त्यातही मोजक्या दिवसांत. उरलेले आठ महिने झाडाच्या दृष्टीनं वाळवंटच. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, कोरडा वारा सुटतो आणि दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पाच मिनिटं उभं राहवत नाही. तिथं गेल्या जुलैत लावलेलं दोन फुटांचं रोप उभं असतं.

त्या रोपाच्या बाजूनं विचार करा. नर्सरीत त्याला रोज पाणी, वर हिरवी शेडनेट. पिशवीत मुळांना फिरायला जागा नाही, म्हणून ती गोल-गोल गुंडाळलेली. जुलैत जमिनीत आलं तर वरचा वीतभर थर कायम ओला. मग मुळं खाली कशाला जातील? आयतं मिळतंय तर वरच पसरतात. दिवाळीनंतर तोच वरचा थर सगळ्यात आधी सुकतो. खाली दोन-अडीच फुटांवर ओल असते, पण तिथपर्यंत रोपाची मुळं पोचलेलीच नसतात. म्हणजे रोप मरतं एप्रिलमध्ये, पण त्याच्या मरणाची तयारी ऑगस्टमध्येच झालेली असते.

त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात चपलेला दोन किलो चिकटणारी हीच माती उन्हाळ्यात इतकी आक्रसते की भेगांमध्ये हात जावा. या भेगा दिसतात त्याहून वाईट असतात. त्यांच्यातून खालची ओलही उडून जाते आणि माती ताणली जाताना बारीक मुळं अक्षरशः तुटतात. रस्त्याच्या कडेला आणि कॉलेजच्या आवारात उलटा प्रकार. तिथं मुरूम, बांधकामाचा राडारोडा आणि वर चार बोटं माती. पाणी घातलं की कुठं जातं कळत नाही.

महाराष्ट्रात झाडं लावण्याचा उत्साह कधीच कमी नव्हता. राज्य सरकारनं २०१६ मध्ये १ जुलैला एका दिवसात २ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये थेट ३३ कोटी. तेव्हा आपल्यापैकी अनेकजण शाळेत होते आणि युनिफॉर्ममध्ये खड्ड्यांपाशी उभे होते. आकडे जुलैचे असतात. मे महिन्यात उठून कुणी मोजणी ठेवत नाही, कारण मे महिन्यात सुट्टी असते. हीच आपली, म्हणजे कॉलेजवाल्यांची मोठी अडचण आहे. एनएसएसचे तास जुलैत भरतात, झाडाला गरज असते तेव्हा विद्यापीठाची परीक्षा चालू असते आणि मग हॉस्टेल रिकामं होतं. झाडाचा उन्हाळा आणि आपलं टाइमटेबल जुळतच नाही.

‘प्यायला नाही आणि झाडाला?’

हा प्रश्न गावात कुणीही विचारेल आणि त्याला उत्तर द्यावंच लागेल. टँकर आला की घागरी, कळश्या, निळे ड्रम घेऊन पळायचं, हे मराठवाड्यातल्या पोरापोरींना सांगायची गरज नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ‘जलदूत’ नाव होतं त्या गाडीचं. आमच्या तालुक्याला पैठणच्या डाव्या कालव्याचा आधार आहे खरा, पण नाथसागरच मृतसाठ्यावर गेला तर कालव्यात येणार काय?

झाड आणि माणूस यांच्यात पाणी वाटून घेण्याचा सगळ्यात कठीण धडा जालना जिल्ह्यानं २०१२-१३ मध्ये घेतलाय. जालन्याची मोसंबी म्हणजे आपली ओळख, तिला पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. मोसंबीचं झाड फळावर यायला चार-पाच वर्षं लागतात आणि त्या एका उन्हाळ्यात लोकांनी आठ-दहा वर्षांच्या बागा डोळ्यांसमोर वाळताना पाहिल्या. काहींनी टँकर विकत घेऊन बाग जगवली. काहींनी अर्धी बाग सोडून दिली आणि उरलेल्या अर्ध्या बागेला पाणी दिलं. काहींनी कुऱ्हाड लावली. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं तोडताना घरात काय वातावरण असेल, याची कल्पना ज्यांच्या घरी बाग आहे त्यांनाच येईल. बाग गेली की पुढच्या वर्षांची फी, लग्नं, कर्जाचे हप्ते सगळंच गेलं.

त्या दुष्काळात ज्यांच्या बागा तगल्या, त्यांनी वापरलेल्या युक्त्या कॉलेजच्या आवारातल्या झाडाला जशाच्या तशा लागू पडतात. मुळात झाड पाणी ‘पितं’ म्हणजे काय करतं? मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी बहुतेक पाणी ते पानांमधून हवेत सोडतं. म्हणजे जितकी पानं जास्त, तितका खर्च जास्त. म्हणून बागायतदारांनी फांद्यांची छाटणी करून झाडाचा घेर कमी केला, बहार धरला नाही, लागलेली फळं काढून टाकली. पानांवर केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी केली, ऊन परतून जावं म्हणून. बुंध्याभोवती उसाचं पाचट अंथरलं. बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे, खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. ही माहिती कुणाला लांबून आणायची गरज नाही, बसनं तासा-दोन तासांत पोचता येतं.

आता ‘प्यायला नाही आणि झाडाला?’ याचं माझं उत्तर. हिशेब करू. एका वर्षाच्या रोपाला नीट पद्धतीनं दिलं तर आठवड्याला १० लिटर पाणी पुरतं. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत साधारण १२ आठवडे. म्हणजे १२० लिटर. घरातल्या मोठ्या कूलरची टाकी ६० लिटरची धरली, तर दोन टाक्या. एका झाडाचा अख्खा उन्हाळा म्हणजे कूलरच्या दोन टाक्या. हे पाणी कुठल्याही गावाला जड नाही. जड होतं ते दोनशे झाडं लावून सगळ्यांना अर्धवट पाणी घालणं, कारण मग पाणीही जातं आणि झाडंही. माझं स्पष्ट मत आहे की पाणी किती देता येईल ते आधी मोजावं आणि मगच खड्डे खणावेत. वीस झाडं परवडत असतील तर वीसच. बॅनरवर आकडा छोटा दिसेल, दिसू दे.

कुंभाराच्या चाकावरून

तर युक्ती अशी. एक मातीचं मडकं घ्यायचं, पाच ते आठ लिटरचं. रंग नको, चकाकी नको, पॉलिश नको. रोपापासून एक-दीड फुटावर खड्डा करून ते गळ्यापर्यंत पुरायचं, फक्त तोंड वर ठेवायचं. पाण्यानं भरायचं आणि झाकण घालायचं. झाकण विसरू नका, नाहीतर डासांची पैदास होईल आणि एखादी खार किंवा सरडा आत पडेल. दर तीन-चार दिवसांनी मडकं भरायचं. संपलं काम.

हे चालतं कसं, ते फार सुंदर आहे. आपला माठ उन्हाळ्यात पाणी गार करतो, कारण त्याच्या अंगावर बारीक छिद्रं असतात. पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्यानं उडतं आणि उडताना माठातली उष्णता घेऊन जातं. तोच माठ जमिनीत पुरला तर झिरपलेलं पाणी उडायच्या ऐवजी मातीत जातं. माती कोरडी असेल तर ती पाणी ओढून घेते, ओली झाली की ओढ कमी होते आणि झिरपणंही मंदावतं. म्हणजे या यंत्रणेला टायमर नाही, सेन्सर नाही, लाइट गेली तरी फरक पडत नाही, आणि तरी ती गरजेपुरतंच पाणी देते. वरून बादली ओतली की अर्धं पाणी वाहून आणि उडून जातं. इथं पाणी थेट फूटभर खोलीवर पोचतं. वरचा थर कोरडाच राहत असल्यानं गवतही कमी उगवतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुळांना पाणी खाली मिळतं, म्हणून ती खाली जातात. काही महिन्यांनी मडकं उकरून काढलं तर त्याच्याभोवती मुळांची जाळी विणलेली सापडते.

ही कल्पना किती जुनी आहे? चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फान शेंगझी नावाच्या माणसानं शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात पाण्यानं भरलेलं मातीचं भांडं मध्ये पुरून त्याच्याभोवती वेलफळांच्या बिया लावायची पद्धत दिलेली आहे. म्हणजे दोन हजार वर्षं झाली. आपल्याकडे हरियाणातल्या कर्नालच्या मृदा लवणता संशोधन संस्थेत आर. सी. मंडल यांनी १९७० च्या दशकात मडक्यावर भाज्या वाढवून या पद्धतीचा अभ्यास केला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात डेव्हिड बेनब्रिज यांनी उजाड जागी झाडं लावताना हीच मडकी वापरली. तिकडे त्याला ‘ओया’ म्हणतात, मूळ स्पॅनिश शब्द. आज ऑनलाइन गार्डन स्टोअरमध्ये हे ओया महागड्या किमतीला मिळतात, छान खोक्यात. आपल्याकडे आठवडी बाजारात तेच मडकं रस्त्यावर मांडलेलं असतं आणि आपण त्यातही घासाघीस करतो.

गेल्या सुट्टीत मी आमच्या भागातल्या एका कुंभार काकांकडे गेले होते. त्यांना सांगितलं, ‘काका, पाझरणारं मडकं पाहिजे.’ ते हसायलाच लागले. ‘पोरी, लोक न पाझरणारं मागायलेत अन् तू पाझरणारं मागायलीस?’ पुरायचं आहे म्हटल्यावर मात्र त्यांनी बाजूला काढून ठेवलेली तीन-चार मडकी पुढे केली. काठ जरा वाकडा, कुठं टवका गेलेला. बाजारात ती कुणी घेत नाही, पण बुडाला तडा नसेल तर आपल्या कामाला उत्तम. कुंभार मातीत राख आणि लीद मिसळतात. भट्टीत ती जळून जाते आणि तिच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, त्याच पोकळ्यांमधून पाणी झिरपतं. म्हणून ज्या माठात पाणी लवकर गार होतं, तोच माठ पुरायलाही चांगला. मडकं कमी झिरपत असेल तर बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवतात. ही गावाकडची जुनी पद्धत आहे आणि तीही चालते.

एक अडचण आहे, ती लपवायला नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. बादलीच्या काठावर आणि गिझरच्या नळावर बसतो तो पांढरा थर मडक्याच्या छिद्रांतही बसतो. एका उन्हाळ्यानंतर झिरपणं कमी झालं तर मडकं काढून, ब्रशनं घासून, उन्हात वाळवून पुन्हा वापरायचं. शक्य असेल तिथं विहिरीचं किंवा कालव्याचं पाणी वापरा. एसीच्या पाइपमधून टपकणारं पाणी तर क्षारमुक्तच असतं. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमागे रोज बादलीभर वाया जातं, तिथं एक बादली ठेवून बघा. जारचं पाणी भरणाऱ्या आरओ प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याबद्दल मात्र सावध राहा. त्यात क्षार एकवटलेले असतात, त्यामुळे रोज तेच दिलं तर माती खारवते. अंघोळीचं पाणी चालतं, कपड्यांच्या पावडरचं फेसाळ पाणी नको.

घरात आधीच असलेली मातीची भांडी आठवा. संक्रांतीची सुगडं, नवरात्रातले घट, अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं भरलेली घागर. विधी झाला की ही भांडी माळ्यावर किंवा नदीवर जातात. सुगडं झाडाला पुरत नाहीत, पण बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत एक सुगड पुरलं की दोन-तीन दिवसांच्या ट्रिपची चिंता मिटते. रंगवलेलं असेल तर रंग घासून काढावा लागेल. आणि अक्षय तृतीया येते ती नेमकी एप्रिल-मेच्या तोंडावर. घागर झाडाशी पुरली तर पितरही काही बोलणार नाहीत, असं मला वाटतं. घरच्यांना आधी विचारा मात्र.

मडकं मिळालंच नाही तर? दोन फुटांचा पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, त्याला खालच्या अर्ध्या भागात भोकं पाडा आणि रोपाशेजारी उभा पुरा. पाणी पाइपमध्ये ओतायचं, ते सरळ मुळाशी जातं. मध्य प्रदेशातल्या झाबुआमध्ये शेतकऱ्यांनी सलाइनच्या रिकाम्या बाटल्या आणि नळ्या वापरून ठिबक केलं होतं, त्याचं खूप कौतुक झालं. कल्पना झकास आहे, पण दवाखान्याच्या कचऱ्यातून बाटल्या उचलायच्या नाहीत. तो जैववैद्यकीय कचरा असतो, त्यात सुयाही असतात. कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं तरी तेच काम होतं.

पाणी सोडून बाकीचं

मडकं पुरलं आणि भोवतालची जमीन उघडी ठेवली, तर अर्धी मेहनत वाया. उघड्या काळ्या मातीवर मे महिन्यात अनवाणी पाय ठेवून बघा, मग मुळांचं काय होत असेल ते कळेल. पाचट, सोयाबीनचं भुसकट, वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते चार बोटं जाड अंथरा. बुंध्याला मात्र टेकवू नका. वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी त्याच रस्त्यानं खोडात शिरते. आच्छादनाखाली थोडी निंबोळी पेंड टाकली तर वाळवी लांब राहायला मदत होते. अंथरण्याआधी जमीन खुरप्यानं हलवून भेगा बुजवून घ्या. शेतकरी कोळपणी का करतात, तर गवत काढायला आणि भेगा मोडून ओल धरायला. त्याचंच हे छोटं रूप.

मोठ्या झाडांना पाणी घालायची तऱ्हा वेगळी. आपण पाइप घेऊन सरळ बुंध्यावर धार सोडतो, जणू झाडाचं तोंड तिथं आहे. पाणी घेणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली, कडेला असतात. मोसंबीला दुहेरी आळं करतात ते यासाठीच. बुंध्याभोवती एक छोटा मातीचा कट्टा, तिथं पाणी जाऊ द्यायचं नाही, कारण बुंधा ओला राहिला की डिंक्या रोग येतो. त्याच्या बाहेर दुसरं आळं, त्यात पाणी. रोज तांब्याभर पाण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर, तेही संध्याकाळी किंवा पहाटे. रोजचा तांब्या वरची माती ओली करतो आणि मुळांना वर बोलावतो. ऑगस्टमध्ये जे झालं तेच पुन्हा.

नैर्ऋत्येचं, म्हणजे दुपारी दोन ते पाचचं ऊन सगळ्यात वाईट. कोवळ्या खोडाची त्या बाजूची साल भाजते, तडकते आणि तिथून कीड शिरते. त्या बाजूला दोन पऱ्हाटीच्या काड्यांवर गोणपाट बांधलं तरी पुरे. मोठ्या झाडांच्या बुंध्याला चुना लावतात तो काही फक्त गाडीवाल्यांना रात्री दिसावा म्हणून नाही. पांढरा रंग ऊन परतवतो. आणि शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण. लोखंडी ट्री गार्ड चोरीला जातं, काट्यांना कुणी हात लावत नाही.

आणि एक गोष्ट जी मला कुणी आधी सांगायला हवी होती. पानं गळाली म्हणजे झाड मेलं असं नाही. कडुनिंब, पिंपळ, पळस हे उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतात, खर्च कमी करायला. पळस तर एकही पान नसताना फुलतो. आपण काडी बघतो, ‘गेलं’ म्हणतो आणि पाणी बंद करतो. मग ते खरंच जातं. नखानं साल हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. टोकाशी तपकिरी असेल तर खाली खाली खरवडत या, कदाचित जमिनीजवळ हिरवं सापडेल. तसंच दुपारी दोनला पानं माना टाकून असतील तर लगेच बादली घेऊन धावू नका. त्या वेळी भरपूर पाणी असलेली झाडंही सुस्तावतात. सकाळी सातला बघा. सकाळीही पानं लोंबत असतील तर तहान खरी.

उन्हाळ्यात युरिया टाकायचा मोहही आवरा. खत दिलं की नवी कोवळी पानं फुटतात, म्हणजे खर्च वाढतो आणि भागवायला पाणी नसतं. पाऊस आल्यावर द्या.

कोणतं झाड, हे पण बोलू

कॉलेजच्या गेटपासून ऑफिसपर्यंत दोन्ही बाजूंनी उंच अशोक, मध्ये लॉन आणि कोपऱ्यात फायकसचे गोळे. आपल्याकडच्या बहुतेक आवारांचा हा ठरलेला नकाशा आहे. लॉनला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं आणि त्यावर ‘बसू नये’ अशी पाटी असते. मग ते आहे कशासाठी, हे मला आजवर समजलेलं नाही. त्या लॉनच्या एका आठवड्याच्या पाण्यात किती रोपं निघतील, याचा हिशेब कॉमर्सवाल्यांनी करावा.

पटकन हिरवं दिसणाऱ्या झाडांच्या नादात काय होतं, ते शेजारच्या गुजरातनं पाहिलंय. कोनोकार्पस नावाचं झाड आखाती देशांत वाळवंट हिरवं करायला प्रचंड प्रमाणात लावलं गेलं. ते झपाट्यानं वाढतं, उन्हाला दाद देत नाही, कापलं तसं आकार घेतं. आपल्याकडेही बंगल्यांच्या कंपाउंडला त्याच्या भिंती दिसतात. पण त्याची मुळं पाइपलाइन आणि ड्रेनेजमध्ये घुसतात, परागकणांमुळे ॲलर्जीच्या तक्रारी येतात. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. नर्सरीवाल्यानं ‘हे घ्या, याला काही लागत नाही’ असं म्हटलं, तर नाव विचारा.

हायवेच्या डिव्हायडरवर बोगनवेल आणि कण्हेर का लावतात, कधी विचार केलाय? कण्हेरीच्या पानाखाली छोटे खड्डे असतात आणि पानाची श्वास घ्यायची छिद्रं त्या खड्ड्यांत लपलेली असतात, त्यामुळे वाऱ्यानं पाणी कमी उडतं. शिवाय ती विषारी आहे, शेळी तोंड लावत नाही. शाळा-अंगणवाडीजवळ म्हणूनच ती लावू नये. बोगनवेलीला जास्त पाणी दिलं तर उलट पानंच वाढतात आणि फुलं कमी येतात. थोडा ताण लागतो तिला. ‘ताण’ हा मोसंबीवाल्यांचाही शब्द आहे. बहार धरण्याआधी ते मुद्दाम पाणी तोडतात. आपल्याला परीक्षेआधी बसतो तो ताण वेगळा, त्यानं कुणाला बहार आलेला मी पाहिला नाही.

आपली स्वतःची मंडळी तर तयारच आहेत. कडुनिंब, बोर, हिवर, बाभूळ, चिंच, करंज, आपटा, बहावा. बहावा ऐन एप्रिल-मे मध्ये पिवळ्या झुंबरांनी भरतो, रीलवाल्यांना आणखी काय पाहिजे? अंजन हे दख्खनच्या कोरड्या माळाचं झाड, त्याचं रोप पहिली काही वर्षं वर फारसं वाढतच नाही, सगळी ताकद सोटमूळ खाली न्यायला घालतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, हे काही वाढत नाही. आणि शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच राजस्थानातली खेजडी, तिथलं राज्यवृक्ष. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात हीच झाडं राजाच्या माणसांपासून वाचवताना ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला. ज्या झाडासाठी वाळवंटातली माणसं मरायला तयार झाली, ते आपल्या बांधावर आपोआप उगवतं आणि आपण ते काटेरी म्हणून तोडतो.

राहिला पिंपळ. तो तुम्ही लावायचीही गरज नाही. जुन्या वाड्याच्या भिंतीत, पाण्याच्या टाकीच्या खाली, शाळेच्या गच्चीवरच्या पाइपपाशी पाखरांनी आणून टाकलेला पिंपळ एक थेंब पाणी न घालता उगवलेला असतो. घर पाडेल म्हणून लोक तो उपटून फेकतात. जूनच्या पहिल्या पावसानंतर तो मुळासकट अलगद काढा, पिशवीत लावा, महिनाभर सावलीत ठेवा आणि मग योग्य जागी खड्ड्यात. नर्सरीचं बिल शून्य.

आता टाइमटेबलचं काय करायचं? मडक्याचा खरा फायदा इथं आहे. रोज पाणी घालणारा माणूस सुट्टीत मिळत नाही, पण आठवड्यातून दोनदा मडकी भरणारा मिळू शकतो. गावातच राहणारे आपल्या वर्गातले चार-पाच जण तरी असतातच, आणि कॉलेजचे शिपाईमामा असतात. मामांना गृहीत धरू नका. नीट जाऊन विचारा, त्यांच्याकडून फक्त बोअर चालू करून घ्या आणि मडकी आपण भरा. वीस झाडं, पाच जण, प्रत्येकी चार मडकी. एका वेळी वीस लिटर, दोन खेपा. पेपरच्या आदल्या दिवशीही जमेल इतकंच काम आहे. ग्रुपवर नावांसहित वार टाकून ठेवा, कारण ‘कुणीतरी भरेल’ म्हटलं की कुणीच भरत नाही.

पाऊस सुरू झाला की मडकं काढू नका. दुसऱ्या उन्हाळ्यात ते पुन्हा लागेल, फक्त तेव्हा दर तीन दिवसांऐवजी आठवड्यातून एकदा भरलं तरी चालेल. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत मुळं खाली पोचलेली असतात. मग मडकं उकरून काढा, घासा आणि पुढच्या बॅचला द्या. उकरताना जपून, भोवतालच्या मुळांच्या जाळीत ते घट्ट अडकलेलं असतं. निघत नसेल तर राहू द्या, दुसरं कुंभार काकांकडून आणता येईल.

(लेखिका पत्रकारितेची विद्यार्थिनी असून सध्या इंटर्न म्हणून काम करत आहे.)